योगाभ्यास सुरू करणं आणि टिकवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात नौपाड्यात सकाळी आणि नेरुळला संध्याकाळी योग शिकवते. दोन्हीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जूनमध्ये योगदिनाच्या आसपास आणि जानेवारीत नवीन वर्षाच्या उत्साहात तेच प्रश्न पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. कोणताही आजार असेल तर आधी प्रश्न १२ वाचा, बाकीचं नंतर.

१. योग म्हणजे आसनंच ना? मग ते यम-नियम वगैरे काय प्रकरण आहे?

आसन हे आठ अंगांपैकी तिसरं. पतंजलींच्या योगसूत्रांत यम (इतरांशी वागताना पाळायचा संयम), नियम (स्वतःला लावायची शिस्त), आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी अशी आठ अंगं सांगितली आहेत. सगळी मिळून १९५ सूत्रं (काही प्रतींत १९६), आणि त्यांतली आसनावर थेट बोलणारी फक्त तीन. त्यांतही एकाही आसनाचं वर्णन नाही. बसणं स्थिर असावं आणि सुखाचं असावं, एवढीच अट आहे. आपण वर्गात करतो ती बरीचशी आसनं पुढच्या हठयोगाच्या परंपरेतून आली. पंधराव्या शतकातली हठयोगप्रदीपिका मोजक्याच आसनांचं वर्णन करते, घेरंडसंहितेत ३२ आहेत. मराठी माणसाला यातलं काही मुळातून वाचायचं असेल तर ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आहेच. मूळबंधापासून कुंडलिनीपर्यंतचं सगळं तिथे ओव्यांत आलं आहे.

आपण आसनापासून सुरुवात करतो, कारण शरीर हाताशी असतं आणि मन नसतं. यम-नियमांचं दडपण घेऊ नका. मी नव्या लोकांना त्यांतली दोनच सांगते: अहिंसा स्वतःच्या गुडघ्यांशी, आणि संतोष शेजारच्या मॅटकडे बघताना.

२. ताई, माझं वय ५८ आहे, खाली वाकलं तर हात गुडघ्यापर्यंतच जातात. मला जमेल का?

जमेल. हात गुडघ्यापर्यंत जातात ना, तुमचं आसन तिथेच झालं. जमिनीवर बसून उठता येत नसेल तर खुर्चीवर बसून अभ्यास करता येतो आणि तो दुय्यम नाही. खुर्ची मात्र प्लास्टिकची, हलकी नको. मागे भिंत हवी.

३. यूट्यूब बघून घरीच सुरू केलं तर चालेल, की वर्ग लावायलाच हवा?

सुरुवातीचे दोन-तीन महिने कुणीतरी समोर असावं. व्हिडिओतला माणूस तुम्हाला दिसतो, पण तुम्ही त्याला दिसत नाही. भुजंगासनात खांदे कानाला टेकले आहेत, श्वास कोंडून धरला आहे, हे त्याला कळणार नाही. तुम्हालाही कळत नसतं, गंमत तीच आहे.

पण याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची, आणि ती मी हट्टाने सांगते. वर्षानुवर्षं वर्गाला येणारे कितीतरी लोक घरी एकही दिवस मॅट अंथरत नाहीत. वर्गाला सुट्टी लागली की त्यांच्या योगालाही सुट्टी. गाण्याचा क्लास आठवड्यातून दोनदा असतो आणि रियाज रोज असतो, तसंच हे आहे. वर्गात शिकायचं, चुका काढून घ्यायच्या; अभ्यास मात्र घरी, एकट्याने, कुणी बघत नसताना. वर्गाच्या चार दिवसांपेक्षा घरच्या त्या वीस मिनिटांवर तुमचा योग उभा असतो. खालची बरीचशी उत्तरं हे गृहीत धरूनच दिली आहेत.

४. ठाण्यात किंवा नवी मुंबईत चांगला वर्ग कसा ओळखायचा?

ठाण्याचं भाग्य असं की इथे घंटाळी मित्र मंडळ आणि अंबिका योग कुटीर यांच्यासारख्या संस्था कित्येक दशकं योग शिकवत आल्या आहेत. थोडं लांब जायची तयारी असेल तर योगेंद्रजींनी १९१८ साली सुरू केलेली द योग इन्स्टिट्यूट आता सांताक्रूझला आहे आणि लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेलं कैवल्यधाम. नवी मुंबईत बागांमधून सकाळचे गट भरतात. त्यांत काही उत्तम आहेत आणि काही नुसते हसण्याचे व टाळ्यांचे. त्यातही वाईट काही नाही, पण तो योगाचा वर्ग समजू नका.

कुठेही गेलात तरी पहिल्या दिवशी तीन गोष्टी बघा. शिक्षकाने तुमची दुखणी, ऑपरेशनं, गोळ्या विचारल्या का? वर्गात फिरून लोकांकडे लक्ष दिलं, की पुढे उभं राहून स्वतःचीच आसनं केली? आणि शेवटचं शवासन नीट दिलं, की घड्याळ बघून उरकलं? एसी, आरसे, लाकडी फ्लोअरिंग यांचे पैसे द्यायचे तर द्या, पण ते शिकवण्याचे पैसे नव्हेत.

५. रोज किती वेळ द्यायला हवा? एक तास जमतच नाही.

वीस मिनिटं द्या. तासभर करायचं ठरवून आठवड्यातून दोनदा करणाऱ्यापेक्षा रोज वीस मिनिटं करणारा सहा महिन्यांत पुढे गेलेला असतो. आयुष मंत्रालयाने योगदिनासाठी ठरवलेला सामाईक क्रम ४५ मिनिटांचा आहे. रविवारी तो करून बघा. ज्या दिवशी वीस मिनिटंही नाहीत त्या दिवसाचं काय, ते प्रश्न १७ मध्ये.

६. मी सातच्या आत घर सोडतो, लोकल पकडायची असते. रात्री साडेआठला परत. कधी करू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. विचारणारे डोंबिवली-ठाणे-दादर करणारे असतात किंवा ट्रान्स-हार्बरने ऐरोली-घणसोलीला जाणारे. पहाटेची वेळ चांगली हे खरंच, कारण पोट रिकामं असतं आणि फोन शांत असतो. पण त्यासाठी झोप तोडू नका. सहा तासांपेक्षा कमी झोपून सूर्यनमस्कार घालणाऱ्याला मी आधी झोपायला पाठवीन.

सकाळी जमत नसेल तर ऑफिसहून आल्यावर, जेवणाआधी. चप्पल काढली, हातपाय धुतले, कपडे बदलले की थेट मॅट. सोफ्यावर ‘पाच मिनिटं’ टेकलात की संपलं. ही वेळ निवडलीत तर घरच्यांना तसं सांगून ठेवा, म्हणजे दारातच भाजीची पिशवी हातात येणार नाही. संध्याकाळच्या अभ्यासात सूर्यनमस्कार कमी, पाठीवर पडून करायची आसनं जास्त, आणि कपालभाती (पोटाच्या झटक्याने श्वास बाहेर टाकणं) नको. काहींची त्याने झोप उडते.

गाडीत बसायला मिळालं तर डोळे मिटून श्वास बघत बसायला हरकत नाही. ती अभ्यासात भर समजा, त्याच्या जागी धरू नका. उभं राहून, दारात, असलं काही करू नका.

७. वन बीएचके आहे, चार माणसं आहेत. मॅट टाकायला जागाच नाही.

मॅट सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद असते. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये किंवा हॉलमध्ये सेंटर टेबल सरकवून एवढी जागा निघते. हात आडवे पसरता येत नसतील तर ती आसनं तिरकं उभं राहून करा. जागा रोज तीच असावी. मॅट गुंडाळून माळ्यावर टाकू नका, दाराच्या मागे उभी ठेवा. काढायला लागणारी दोन मिनिटं आळसाला पुरतात.

आवाजाचं विचाराल तर कुकरच्या शिट्ट्या, शेजारची ड्रिल मशीन, खाली ‘भंगारवाला’ हे सगळं असणारच. त्यासाठी येऊरला जायची गरज नाही. आणि येऊरच्या जंगलात पहाटे एकट्याने ध्यानाला बसण्याची कल्पना ज्यांनी मला कळवली आहे, त्यांच्यासाठी: तिथे बिबटे आहेत.

८. चहा घेऊन केलं तर चालेल का? जेवणानंतर किती वेळाने?

पोटभर जेवणानंतर तीन ते चार तास, पोहे-उपम्यासारख्या नाश्त्यानंतर दीड-दोन तास. पाणी घोटभर चालतं. अर्धा कप चहाने काही बिघडत नाही. दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. चहाशिवाय पोट साफ होत नाही म्हणून अभ्यासच टाळणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांनी खुशाल चहा घ्यावा.

नियमांचा अतिरेक हा स्वतःच एक अडथळा आहे. हठयोगप्रदीपिकेत योग ज्यांमुळे बिघडतो अशा सहा गोष्टींची यादी आहे: अति खाणं, अति श्रम, बडबड, नियमांचा हट्ट, लोकांत फार मिसळणं आणि चंचलपणा. नियमांच्या हट्टाचं उदाहरण म्हणून या ग्रंथावर भाष्य लिहिणाऱ्या टीकाकाराने पहाटेची गार पाण्याची आंघोळ आणि फलाहार हेच दिलं आहे. गिझर लावा.

९. मला एक ठरावीक क्रम सांगा, रोज तोच करीन.

निरोगी, नव्या माणसासाठी हा वीस मिनिटांचा क्रम. प्रत्येक आसन आधी कुणाकडून तरी शिकून घ्या.

आधी दोन मिनिटं नुसतं बसा किंवा पडा. श्वास कुठे जाणवतो ते बघा, नाकपुडीशी, छातीत की पोटात. तो बदलू नका. मग तीन मिनिटं सांधे मोकळे करा: मान, खांदे, मनगटं, घोटे. मान गोल फिरवू नका. खाली-वर आणि डावी-उजवीकडे पुरे. त्यानंतर सावकाश चार सूर्यनमस्कार, दोन उजव्या पायाने आणि दोन डाव्या.

मग पोटावर झोपून भुजंगासन. इथे थोडं थांबते, कारण नव्वद टक्के लोक ते हातांच्या जोरावर करतात. तळवे छातीच्या बाजूला टेकवा, कोपरं अंगाला चिकटलेली ठेवा. आता तळव्यांवरचा भार काढून टाका, हात इंचभर उचलले तरी चालतील, आणि नुसत्या पाठीच्या ताकदीवर जेवढं वर येता येईल तेवढं या. चार बोटंच वर आलात? तेवढंच तुमचं भुजंगासन आहे. बाकीची उंची दंडाची होती. दोन-तीन श्वास थांबा, खाली या, कपाळ टेकवा, पुन्हा एकदा.

पाठीवर येऊन पवनमुक्तासन, आधी एकेका पायाने मग दोन्ही. उठून वक्रासन दोन्ही बाजूंनी. मग तीन मिनिटं शवासन. शेवटी ताठ बसून तीन-चार मिनिटं अनुलोम-विलोम, म्हणजे एका नाकपुडीने श्वास घेऊन दुसरीने सोडणं, श्वास न रोखता. आपल्याच श्वासाचा आवाज ऐकू आला तर जोर जास्त लागतो आहे.

सहा आठवडे यात काहीही घालू नका, काढू नका. कंटाळा येईल. येऊ द्या, त्याबद्दल प्रश्न १८ मध्ये.

१०. सूर्यनमस्कार रोज किती? आमच्या सोसायटीत रथसप्तमीला १०८ घालतात.

रथसप्तमीला उत्सव म्हणून, सवय असलेल्यांनी जरूर घालावेत. वर्षभर काही न करता त्या दिवशी एकदम १०८ घातले तर पुढचा आठवडा जिना उतरताना रेलिंग धरावं लागेल. रोजचे चार ते बारा पुष्कळ झाले.

महाराष्ट्रात सूर्यनमस्कार घरोघरी आणि शाळांत पोहोचले त्यात औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा मोठा वाटा आहे. जुन्या हठयोगाच्या ग्रंथांत मात्र ते आसन म्हणून येत नाहीत. उलट हठयोगप्रदीपिकेच्या ‘ज्योत्स्ना’ टीकेत फार सूर्यनमस्कारांना शरीराला क्लेश देणाऱ्या गोष्टींत धरलं आहे. म्हणजे वाईट नाहीत. व्यायाम म्हणून फारच उत्तम आहेत. फक्त संख्या वाढवत नेणं म्हणजे योगात प्रगती, असा हिशोब नको.

११. टीव्हीवर बघून रोज ५०० कपालभाती करतो. प्राणायाम झाला ना?

कपालभाती परंपरेत प्राणायामात मोडतच नाही. ती षट्कर्मांपैकी, म्हणजे शरीर शुद्ध करण्याच्या सहा क्रियांपैकी एक आहे. षट्कर्मं मेद आणि कफ जास्त असलेल्याने करावीत, इतरांना त्यांची गरज नाही, असं हठयोगप्रदीपिकाच सांगते. पाचशेचा आकडा कुठून आला कोण जाणे. नव्या माणसाने एका वेळी वीस-तीस झटके, मध्ये विश्रांती, अशी दोन-तीन आवर्तनं करावीत. झटका फक्त पोटाचा असावा. खांदे किंवा चेहरा हलत असेल तर थांबा.

रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, फिट्स, गरोदरपण किंवा पोटाचं अलीकडचं ऑपरेशन यांपैकी काहीही असेल तर कपालभाती आणि भस्त्रिका (भात्यासारखा जोरजोरात श्वास) नकोच. शांत अनुलोम-विलोम आणि भ्रामरी (श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव) बहुतेकांना चालते. श्वास रोखून धरण्याचे, म्हणजे कुंभकाचे प्रकार पुस्तकातून शिकू नका.

१२. बीपीची गोळी चालू आहे. शुगर आहे. काचबिंदू आहे. स्लिप डिस्क आहे. काय टाळू?

थोडक्यात देते, शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

रक्तदाब जास्त असेल तर डोकं खाली आणि पाय वर असलेली आसनं, श्वास रोखणं आणि जोरात श्वसन टाळा. सावकाश श्वसन आणि शवासन उपयोगाचं. बरं वाटतंय म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. दर वर्षी कुणीतरी करतंच, म्हणून पुन्हा लिहिते.

मधुमेहाला इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर अगदी रिकाम्या पोटी व्यायाम केल्याने साखर एकदम उतरू शकते. डॉक्टरांना वेळ विचारून घ्या, ग्लुकोज किंवा साखर मॅटजवळ ठेवा. घाम फुटला, हात थरथरले तर ‘एवढं आसन पूर्ण करते’ म्हणू नका.

काचबिंदूबद्दल लोकांना फारच कमी माहिती असते. डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो. शीर्षासन, सर्वांगासन तर नाहीच, पण विपरीत करणी (पाठीवर पडून पाय वर) आणि सूर्यनमस्कारातलं पर्वतासनसुद्धा टाळायचं. वर्गात हे शिक्षकांना स्वतःहून सांगा. चेहरा बघून काचबिंदू कळत नाही.

स्लिप डिस्क किंवा सायटिका असेल तर पुढे वाकणं बंद. पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, पाय सरळ ठेवून खालची बादली उचलणं, सगळं त्यातच आलं. मानेचा त्रास असेल तर सर्वांगासन आणि हलासन नको. गुडघे दुखत असतील तर वज्रासनात पोटरी आणि मांडी यांच्यामध्ये घडी केलेली गोधडी किंवा जाड टॉवेल ठेवा, तरी दुखलं तर सोडून द्या. गुडघा बदलला असेल तर वज्रासनाचा विषयच नाही.

१३. आसन करताना दुखतं ते चांगलं की वाईट?

स्नायूच्या मधोमध, पसरट, दोन्ही बाजूंना सारखा जाणवणारा ताण चालतो. सांध्यात, टोचल्यासारखं, एका बाजूला, विजेसारखं खाली जाणारं किंवा मुंग्या आणणारं दुखणं चालत नाही. दुसरी खूण श्वासाची: तो अडकला, तोंडाने घ्यावा लागला किंवा दात आवळले गेले, की एक पायरी मागे या. आसन सोडल्यावर दुखणं दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर आठवडाभर ते आसन वगळा.

१४. पाळीत करावं का? आणि गरोदर असताना?

पाळीत बंदी नाही. पहिले दोन दिवस अंग जड असेल तर पवनमुक्तासन, सुप्त बद्धकोणासन, शवासन एवढंच करा. विपरीत (डोकं खाली, पाय वर) आसनं आणि कपालभाती त्या दिवसांत टाळायची रीत आहे. मी ती पाळते आणि पाळायला सांगते. काहीच करावंसं वाटलं नाही तर मॅटवर नुसतं पडून राहिलात तरी नियम मोडला नाही.

गरोदरपणात डॉक्टरांची परवानगी पहिली. त्यानंतरही नेहमीच्या वर्गात नव्हे, गरोदर स्त्रियांना शिकवण्याचा अनुभव असलेल्या शिक्षिकेकडे. पोटावर दाब आणणारी आसनं, खोल पीळ, कपालभाती, भस्त्रिका, कुंभक सगळं बंद. पाचव्या महिन्यानंतर पाठीवर फार वेळ पडू नये. शवासन डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन करा. जिने कधी योग केलेला नाही तिने पहिल्या तीन महिन्यांत नव्याने सुरू करू नये.

१५. महापेला नाइट शिफ्ट असते. ब्रह्ममुहूर्ताचं मी काय करू?

ब्रह्ममुहूर्ताला तुम्ही कॉलवर असता, सोडून द्या. तुमची सकाळ दुपारी तीनला होते. उठून तोंड धुऊन, काही खाण्याआधी, प्रश्न ९ मधला क्रम करा. शिफ्ट संपवून घरी आल्यावर आसनं नकोत. दहा मिनिटं अंधाऱ्या खोलीत पाठीवर पडून, श्वास घ्यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोडायला द्या. घेताना चार मोजले तर सोडताना आठ. आठ जड गेले तर सहा. शिफ्ट दर आठवड्याला बदलत असेल तर वेळ घड्याळाला बांधू नका, ‘उठल्यावर लगेच’ अशी बांधा.

१६. पावसाळ्यात मॅटला कुबट वास येतो, फरशी घसरते. बाहेर करावं का?

पावसाळ्यात फरशीलाच दमट पाणी सुटतं. मॅटखाली जुनी चादर किंवा सतरंजी घाला आणि अभ्यास झाला की मॅट लगेच गुंडाळू नका, पंख्याखाली उलटी पसरून ठेवा. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. मुळात मॅट हवीच असंही नाही. जाड सतरंजी आसनांना पुरते, फक्त उभ्या आसनांत पाय घसरतो म्हणून ती अनवाणी, कोरड्या फरशीवर करा.

बाहेर करायचं तर उपवन, खारघरचं सेंट्रल पार्क, वाशीचं सागर विहार, जागा भरपूर आहेत. डिसेंबर-जानेवारीत मात्र सकाळी धुरकं खाली बसलेलं असतं. घोडबंदर रोडच्या बांधकामांजवळ किंवा एमआयडीसीच्या पट्ट्यात राहत असाल तर अशा दिवशी प्राणायाम घरात करा. खोल श्वास घ्यायचा तर हवा बघून घ्यावा.

१७. सुरू करते आणि सोडते. गणपतीत खंड पडला तो दिवाळीपर्यंत. माझ्यात चिकाटीच नाही का?

हा प्रश्न लाजत विचारला जातो, बहुतेक रात्री उशिरा, वैयक्तिक मेसेजवर.

योगसूत्रांत अभ्यास पक्का होण्याच्या तीन अटी आहेत: दीर्घ काळ, अखंड आणि आदराने. लोक मधली अट वाचून घाबरतात. पण त्याच ग्रंथात पुढे नऊ अडथळ्यांची यादी आहे. आजारपण, सुस्ती, शंका, हयगय, आळस, भोगांची ओढ, भलत्याच गोष्टीला प्रगती समजणं, पुढची पायरी न गाठता येणं, आणि गाठलेली पायरी टिकवता न येणं. शेवटचे दोन बघा. म्हणजे घसरणं हे अपेक्षित आहे, तुम्हीच पहिल्या नाहीत.

तेव्हा कामाचं बोलू. एक, ‘किमान’ ठरवून ठेवा. घरात पाहुणे आहेत, मोदक वळायचे आहेत, मूल आजारी आहे, अशा दिवसासाठी पाच मिनिटांचा अभ्यास: मॅट अंथरायची, दोन आसनं, दोन मिनिटं श्वास, मॅट उचलायची. अखंड राहण्यासाठी एवढंही पुरतं. दोन, एक दिवस बुडाला तर दुसरा बुडवू नका. खंड बहुतेक वेळा दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. तीन, मोठ्या खंडानंतर जिथे सोडलं तिथून उचलू नका. निम्म्यावर या. महिनाभराच्या खंडानंतर पहिल्याच दिवशी बारा सूर्यनमस्कार घालून पाठ धरून बसणारे, आणि मग ‘योगाने पाठ दुखते’ म्हणणारे, प्रत्येक वर्गात एक-दोन असतात.

सोमवारपासून, एक तारखेपासून, पाडव्यापासून, असे मुहूर्त शोधू नका. ज्या संध्याकाळी आठवण झाली त्याच संध्याकाळी करा. आणि सुरू केल्याचं ग्रुपवर जाहीर करू नका.

१८. तेच तेच करून कंटाळा येतो. ध्यानाला बसलं तर झोप लागते किंवा उद्याच्या भाजीचे विचार येतात.

झोप लागत असेल तर झोप कमी पडते आहे. ती आधी पूर्ण करा, आणि ध्यान जेवल्यावर किंवा पडून करू नका.

विचार येणं हा बिघाड नाही. गीतेत अर्जुनही मन वाऱ्यासारखं आवरायला कठीण आहे म्हणतो, आणि श्रीकृष्ण ते मान्य करूनच अभ्यास आणि वैराग्याचा उपाय सांगतात. भाजीचा विचार आला हे लक्षात आलं की पुन्हा श्वासावर या. पाच मिनिटांत तीस वेळा परत यावं लागलं तर तीस वेळा या. कंटाळ्याचंही तसंच आहे. सगळं पाठ झालं म्हणून जो कंटाळा येतो, नेमकं तिथूनच लक्ष आतल्या बारकाव्यांकडे वळू शकतं: उजवा पाय आधी थकतो, श्वास डावीकडे लहान आहे. त्याच वेळी लोक नवीन व्हिडिओ शोधायला जातात.

१९. वजन कमी होईल का?

फक्त योगाने फारसं नाही. चालणं, जेवण आणि झोप यांच्या जोडीने होईल. महिन्यात दहा किलोची जाहिरात दिसली तर पुढे चला.

२०. आम्ही आगरी, घरात मासळीशिवाय चालत नाही. सोडावी लागेल का?

आसन-प्राणायामासाठी नाही. हठयोगाच्या ग्रंथांत मांस-मासे वर्ज्य आहेत, हे खरं आहे आणि ते लपवणार नाही. पण त्याच ग्रंथांचा जास्त भर मिताहारावर आहे: पोटाचा अर्धा भाग अन्नाने, चौथा पाण्याने आणि चौथा मोकळा. माझ्या अनुभवात अडचण बांगड्याची नसते, रात्री साडेदहाच्या जेवणाची असते. जेवण नऊच्या आत आणा, सकाळ आपोआप हलकी होईल. पुढे अभ्यासातून कुणाला सोडावंसं वाटलं तर सोडावं, घरच्यांना उपदेश न करता.

२१. मी हिंदू नाही. ॐ म्हणणं, श्लोक म्हणणं बंधनकारक आहे का?

नाही. माझ्या वर्गात म्हणणारे म्हणतात, बाकीचे शांत बसतात. भ्रामरीत तर नुसता गुंजारव आहे, शब्द नाहीच. शिक्षक यावर अडून बसत असतील तर दुसरा वर्ग बघा.

२२. सर न विचारता हात लावून आसन दुरुस्त करतात. मला अवघडल्यासारखं होतं, पण बोलायचं कसं?

सरळ बोलायचं: ‘सर, हात न लावता तोंडी सांगा.’ चांगला शिक्षक एका वाक्यात समजतो आणि पुन्हा विचारायची वेळ येत नाही. खांदा किंवा मनगट दुरुस्त करायलाही आधी विचारलं पाहिजे, आणि पाठीवर दाब देऊन वाकवणं तर कुणाच्याच बाबतीत करू नये. त्यात माणसं जायबंदी झालेली आहेत. सांगूनही थांबलं नाही तर वर्ग सोडा, फी गेली तरी चालेल. संस्थेचा वर्ग असेल तर लेखी तक्रार द्या. गुरूचा मान राखणं आणि हे सहन करणं यांचा काहीही संबंध नाही.

२३. मुलांना किती वर्षांपासून?

सात-आठ वर्षांपासून, खेळ म्हणून. कपालभाती आणि श्वास रोखणं नको. आई-बाबा रोज करताना दिसले तर वेगळं शिकवावं लागत नाही.

२४. दोन वर्षं झाली करते आहे. आता २०० तासांचा टीचर्स कोर्स करू का?

शिकवायचं असेल तर करा, स्वतःचा अभ्यास वाढवायचा असेल तर गरज नाही. २०० तास ही मोजपट्टी अमेरिकेतल्या योगा अलायन्स या संस्थेमुळे रूढ झाली. आपल्याकडे आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीत योग प्रमाणन मंडळ आहे, त्याच्या परीक्षा वेगवेगळ्या पातळ्यांवर होतात, आणि कैवल्यधामसारख्या संस्थांचे स्वतःचे अभ्यासक्रम आहेत. पैसे भरण्याआधी विचारा: प्रत्यक्ष वर्गासमोर शिकवण्याचा सराव किती? शरीररचना कोण शिकवतं? प्रश्न १२ मधल्यासारखे आजार कितपत घेतात? ‘तीन आठवड्यांत शिक्षक व्हा’ म्हणणाऱ्यांकडे यांची उत्तरं नसतात.

आणि कोर्सला बसण्याआधी सहा महिने वर्ग बंद ठेवून फक्त घरी करून बघा. तेवढं टिकलं तर फॉर्म भरा.